वेंगुर्ले ते बेळगाव : एका घाटरस्त्याची कहाणी

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून निघून सावंतवाडी, दाणोली, आंबोलीचा घाट, चंदगड तालुका आणि शिनोळी या मार्गाने बेळगावच्या कॅम्पात शिरणारा रस्ता लांबीने काही फार मोठा नाही. सारा मिळून सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा. समुद्राची खारी हवा, माडाच्या बागा, काजूचे डोंगर, घाटातले धुके, घाटमाथ्यावरची भातशेती आणि शेवटी छावणीतली सरळ आखलेली झाडी, एवढे सगळे एका दिवसाच्या आत डोळ्यांखालून जाते. कोणत्याही नामांकित महामार्गाच्या पंक्तीला हा रस्ता कधी बसला नाही. तरीही दक्षिण कोकणातील आणि बेळगाव भागातील आपल्या अनेक कुटुंबांच्या घरच्या गोष्टींत तो कुठे ना कुठे येतोच. कुणाचे आजोबा या वाटेने कॅम्पात नोकरीला गेले, कुणाची सोयरीक या वाटेने जमली, कुणी पावसाळ्यात मुंबई गाठण्यासाठी आधी घाट चढून बेळगावचे स्टेशन गाठले.

या रस्त्याविषयी एक गोष्ट मला फार दिवस विलक्षण वाटत आली आहे. हा रस्ता आपल्यासाठी कुणी बांधला नाही. तो बांधला गेला लष्करासाठी आणि कापसासाठी. ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला, ते काम वीस-पंचवीस वर्षांतच त्याच्या हातून गेले. एखादा रस्ता अशा वेळी ओस पडावा, झाडाझुडपांनी गिळून टाकावा. तसे झाले नाही. का झाले नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वेंगुर्ले हे बंदर म्हणून जुने आहे. सतराव्या शतकात हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. पोर्तुगीजांचे गोवे येथून हाकेच्या अंतरावर. डचांना पोर्तुगीजांचा समुद्रावरील व्यापार मोडून काढावयाचा होता. त्यासाठी गोव्याच्या खाडीच्या मुखाशी आपली जहाजे उभी करून नाकेबंदी करावयाची, तर जहाजांवरील माणसांना पाणी, तांदूळ, मांस, लाकूडफाटा पुरविणारे ठिकाण जवळ हवे. ते त्यांना वेंगुर्ल्यात सापडले. १६३७ साली योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूर दरबारी गेला आणि त्याच सुमारास आदिलशहाच्या संमतीने वेंगुर्ल्यात डचांची वखार उभी राहिली. तिचे भग्न अवशेष आजही पाहावयास मिळतात. १६४८ साली फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या बंदरात उतरला होता. त्याच्या लिखाणात या गावाचे नाव ‘मिंग्रेला’ असे येते, आणि जहाजांना रसद मिळण्याचे उत्तम ठिकाण व वेलदोड्याची पेठ म्हणून तो त्याची वाखाणणी करतो.

आता विजापूर कुठे आणि वेंगुर्ले कुठे! मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. वकिलाला जावयाचे असो, वेलदोडा उतरावयाचा असो की मीठ चढवावयाचे असो, ही भिंत ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या काळी ती ओलांडली जाई ती पाऊलवाटांनी. माल लादलेले बैल एकामागून एक रांगेने चढत. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. वरून धान्य, गूळ, मिरची, कापड खाली येई. हा व्यापार करणाऱ्या लमाणांचे तांडे हीच त्या काळची मालगाडी.

येथे आपल्या ख्रिस्तमंडळाच्या इतिहासातील एका पुरुषाचे स्मरण करणे भाग आहे, कारण त्याचा या मुलखाशी निकटचा संबंध आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेले माथेउस द कास्त्रो हे जन्माने कोकणी ब्राह्मण घराण्यातील. गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळेना. म्हणून त्यांनी खुष्कीच्या मार्गाने थेट रोम गाठले. तेथे त्यांना गुरुदीक्षा तर मिळालीच, पण १६३७ साली ते बिशप झाले. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप. रोमच्या श्रद्धाप्रसार मंडळाने, म्हणजे १६२२ साली स्थापन झालेल्या ‘प्रोपागांदा फिदे’ने, त्यांना आदिलशाही मुलखाचे प्रेषितीय प्रतिनिधी नेमले. गोव्याच्या सत्ताधाऱ्यांना ही नेमणूक रुचली नाही. पोर्तुगालच्या राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्कावर ते आक्रमण वाटले. कास्त्रो यांनी मग आदिलशाही हद्दीत असलेल्या डिचोलीस आपले ठाणे केले आणि विजापूर दरबाराशी संबंध जोडले. १६५४ साली विजापूरच्या फौजेने गोव्यावर स्वारी केली, तेव्हा तिच्यामागे कास्त्रो यांची फूस असल्याचा आणि वेंगुर्ल्याच्या डचांशी त्यांचे संधान असल्याचा ठपका पोर्तुगीजांनी ठेवला. आरोपात तथ्य किती आणि रोष किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. माझे स्वतःचे मत असे की, माणूस तापट होता, त्याच्यावर अन्याय झाला होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १६७७ साली रोम येथेच त्यांना मरण आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच : डिचोलीचे बिशप विजापूरला जात, म्हणजे सह्याद्री चढून जात. या घाटवाटांवरून केवळ वेलदोडा आणि मीठच नव्हे, तर आपल्या धर्मसभेतला एक मोठा वादही चढला-उतरला आहे. आंबोलीच्या वळणावर बसमध्ये मळमळू लागले की हे आठवावे. निदान वेळ तरी जातो.

पुढे आदिलशाही संपली, मराठ्यांचे राज्य आले, आणि या किनाऱ्यावर सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा अंमल बसला. त्यांच्या आरमाराला इंग्रज चाचे म्हणत. समुद्रावर ज्याची तोफ लहान तो चाचा, हा त्या काळचा न्याय होता. १८१२ साली सावंतवाडीच्या राणीने वेंगुर्ले इंग्रजांच्या हवाली केले. सहाच वर्षांनी, १८१८ मध्ये, मन्रोने बेळगावचा किल्ला जिंकला आणि पुढे तेथे मोठी छावणी वसली. या दोन घटना एकत्र ठेवल्या की रस्त्याची गरज आपोआप दिसू लागते. बेळगावच्या छावणीला दारूगोळा, गोरे सैनिक, दारूची पिंपे, औषधे, कपडेलत्ते हे सारे मुंबईहून यावयाचे. मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्यापर्यंत येणे सोपे; खरी अडचण तेथून पुढे.

आरंभी ही वाहतूक मुख्यत्वे रामघाटाने होई. पारगडच्या परिसरातील ही वाट जुनी आणि वापरातली, परंतु फार खडी. डोंगराचा उतार पायाला लागला तसा सरळ वर चढणारी. लादलेला बैल तेथून जाईल, भरलेली गाडी जाताना बैलांचा आणि गाडीवानाचा जीव मेटाकुटीस येई. त्यात १८४४ सालचे बंड झाले. कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी उठाव केला, त्याची ठिणगी सावंतवाडीत पडली. आंबोलीच्या उत्तरेकडील रानात असलेले मनोहरगड आणि मनसंतोषगड बंडवाल्यांनी धरून ठेवले. ते घेण्यासाठी औट्रॅमसारख्या नावाजलेल्या अधिकाऱ्याला या जंगलात उतरावे लागले. १८४५ च्या आरंभी गड पडले, अनेक बंडवाले गोव्याच्या हद्दीत निसटले. त्याआधीच, १८३८ पासून, संस्थानचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला होता. ज्या मुलखात तोफ आणि रसद वेळेवर पोचत नाही तो मुलूख आपला नव्हे, हा धडा त्यांनी या मोहिमेतून घेतला असणार.

परंतु केवळ लष्करी गरजेने एवढा खर्च झाला नसता. दुसरे कारण कापसाचे होते, आणि ते साता समुद्रापलीकडून आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. गिरणीमालकांचे डोळे हिंदुस्थानकडे वळले. धारवाड-हुबळी भागात काळ्या जमिनीत उत्तम कापूस पिकत होता, पण तो बंदरापर्यंत आणावयाचा कसा? तेव्हा त्या मुलखात आगगाडी नव्हती. म्हणून घाट फोडून गाडीरस्ते करण्याची घाई सुरू झाली. कारवार बंदराकडे जाणारे घाट आणि वेंगुर्ल्याकडे उतरणारा पारपोलीचा घाट, ज्याला आपण आज आंबोलीचा घाट म्हणतो, ही सारी त्या काळाची अपत्ये. १८६० च्या दशकात हा नवा रस्ता तयार झाला आणि रामघाट मागे पडला.

गाडीरस्ता आणि पाऊलवाट यांत फरक काय, हे आजच्या वाचकाला सांगावेसे वाटते. भरलेली बैलगाडी साधारण वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट चढावी, यापेक्षा खडा चढ बैलांना झेपत नाही. आणि उतारावर तर गाडी बैलांच्याच अंगावर येते. सह्याद्रीची भिंत येथे समुद्रसपाटीजवळच्या पायथ्यापासून ६९० मीटरांच्या आसपास चढते. हा चढ विसास एक या प्रमाणात बसवावयाचा तर रस्ता कित्येक मैल डोंगराच्या अंगाला वळसे घेत न्यावा लागतो. एका बाजूला कातळ फोडावयाचा, दुसऱ्या बाजूला दगडी बांध घालावयाचा, प्रत्येक ओहळाखाली मोरी बांधावयाची. आंबोलीला वर्षाला सुमारे ७५० सेंटिमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी मोरी चुकली तर रस्ता एका पावसाळ्यात दरीत जातो. दीडशे वर्षांहून अधिक काळ हा घाट त्याच आखणीवर उभा आहे, यावरून आखणाऱ्याची नजर आणि दगड बसविणाऱ्याचा हात, दोन्ही पक्के होते असे म्हणावयास हरकत नाही. आखणाऱ्यांचे अहवाल सरकारी दफ्तरांत राहतात. दगड फोडणाऱ्यांचे काहीच राहत नाही.

रस्ता झाला आणि वेंगुर्ल्याचे भाग्य उजळले. कापसाच्या गाठी घेऊन गाड्यांच्या रांगा घाट उतरू लागल्या. बेळगावहून निघालेली गाडी पाच-सहा मुक्काम करीत बंदरावर पोचे. मुक्कामाच्या जागी पाणी, वैरण, दुकान, धर्मशाळा, साहेबासाठी डाकबंगला. आंबोली हे गाव नावारूपास आले ते अशा मुक्कामाच्या ठिकाणामुळेच. पुढे वेस्ट्रॉप नावाच्या पोलिटिकल एजंटाला तेथली हवा मानवली आणि आंबोलीला थंड हवेच्या ठिकाणाचा मान मिळाला. १८७६ साली वेंगुर्ल्यात नगरपालिका स्थापन झाली. पावसाळ्याचे महिने सोडले, कारण तेव्हा हे बंदर बंद असे, तर वर्षभर व्यापारी, दलाल, हमाल, गाडीवान यांनी हे गाव गजबजलेले असे.

त्याच १८७६ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत चालला. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे होरपळून निघाले. या जिल्ह्यांत आगगाडी पोचली नव्हती. त्यामुळे बाहेरून येणारे धान्य समुद्रमार्गे कारवार-वेंगुर्ल्याच्या बंदरांत उतरावयाचे आणि घाट चढून वर जावयाचे. कापूस उतरविण्यासाठी केलेला रस्ता आता भाकरी चढविण्याच्या कामी आला. परंतु तेथेच त्याची मर्यादाही उघडी पडली. दुष्काळात माणसाआधी जनावर मरते. बैल नाहीत, जे आहेत त्यांना वैरण नाही. आणि बैलाला वाटेत खावयास घालावयाचे तर गाडीतला काही भार वैरणीचाच होतो. जेवढा पल्ला लांब तेवढे भुकेल्याच्या तोंडी पडणारे धान्य कमी. बंदरावर धान्य आहे आणि शंभर कोसांवर माणसे उपाशी मरत आहेत, असा हा प्रकार. या दुष्काळातून सरकारने जो निष्कर्ष काढला तो असा की, या मुलखात आगगाडी नेल्यावाचून तरणोपाय नाही. सदर्न मराठा रेल्वे जन्माला आली ती या विचारातून. १८८७ च्या सुमारास ती बेळगावास पोचली. दुसऱ्या बाजूने मुरगाव बंदरातून निघालेला पोर्तुगीज हद्दीतील लोहमार्ग १८८८ साली कॅसलरॉकपाशी घाट चढून तिला मिळाला.

झाले! एका मालगाडीत शेकडो बैलगाड्यांचा माल जातो, आणि तो पाच-सहा दिवसांऐवजी दिवसा-दीड दिवसात थेट जहाजाच्या कुशीला लागतो. कापसाने वेंगुर्ल्याकडे पाठ फिरविली. व्यापारी मुरगावकडे गेले. दुष्काळात या रस्त्याने जे काम केले, त्या कामानेच त्याचा प्रतिस्पर्धी उभा केला. नियतीचा असा विनोद इतिहासात नेहमी आढळतो, आणि तो नेहमी गरिबाच्याच खर्चाने होतो. घाटात गाड्या हाकणाऱ्यांनी, बंदरावर गाठी उचलणाऱ्यांनी त्यानंतर काय केले असेल? कोकणात अशा वेळी एकच उत्तर असते : मुंबई.

येथून रस्त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते, आणि मला ते पहिल्यापेक्षा मोलाचे वाटते.

मुंबईला जावयाचे तर वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोट येई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होडीतून तिच्यापर्यंत जात. ट्रंक, वळकटी, फणसाची साटे, कडेवरचे मूल, सगळे त्या हलत्या होडीत. परंतु नारळी पौर्णिमेपूर्वी, ऐन पावसाळ्यात, बोटी बंद. मग ज्याला जावयाचेच आहे, कुणी आजारी आहे, कुणाची रजा संपली आहे, त्याने काय करावे? त्याने घाट चढावा, बेळगावचे स्टेशन गाठावे आणि पुण्यावरून मुंबईस जावे. ज्या आगगाडीने रस्त्याचा कापूस पळविला, त्याच आगगाडीकडे माणसे पोचविण्याचे काम या रस्त्याने पत्करले. पुढे बैलगाडीची जागा सर्व्हिस मोटारींनी घेतली आणि १९४८ नंतर क्रमाक्रमाने एसटीने. जंगलात दरड कोसळून रस्ता बंद झाला तर उतारू खाली उतरत, चिखलातून पलीकडे चालत जात आणि पलीकडे उभ्या असलेल्या गाडीत बसत. हे सांगणारी वृद्ध माणसे अजून आपल्या धर्मग्रामांतून भेटतात.

बेळगावच्या कॅम्पाने आपल्या समाजातील किती माणसांना पोटाला लावले, याची मोजदाद कुणी केलेली नाही. बारदेश, पेडणे आणि सावंतवाडी भागातील ख्रिस्ती माणूस मुळातच हातात कसब घेऊन निघालेला : कुणी आचारी, कुणी पाववाला, कुणी शिंपी, कुणी बँडात वाजविणारा. छावणीला ही सारी माणसे हवीच असत. मुंबईच्या धोबीतलावावरील कुडांचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो; घाट चढून गेलेल्यांचा इतिहास तितका सांगितला जात नाही, कारण ते दूर गेले असे कुणाला वाटलेच नाही. मे महिन्यात ते घरी परत येत आणि फेस्ताला तर हटकून येत. त्यांच्या मुलांसाठी बेळगावात शाळा होत्या. येशुसंघीयांनी चालविलेली सेंट पॉल्स ही शाळा १८५६ पासूनची, म्हणजे घाटरस्त्याहूनही जुनी. पुढे बेळगावात जी ‘दक्षिण कोकण शिक्षण संस्था’ उभी राहिली, तिच्या नावाकडे लक्ष द्यावे. शहर घाटावरचे, नाव कोकणाचे. राणी पार्वतीदेवी महाविद्यालय याच संस्थेचे. सावंतवाडीत पंचम खेमराज महाविद्यालय निघेपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, वरच्या शिक्षणासाठी कोकणातील मुलाला एकतर समुद्र नाहीतर घाट ओलांडावा लागे.

आरोग्याचीही तीच कथा. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट लूक्स रुग्णालय होते. डॉक्टर गोहीन यांचे नाव तेथे आदराने घेतले जाई, आणि पंथभेद विसरून आपलीही माणसे तेथे जात. मोठे दुखणे निघाले की रुग्णाला घाटावर नेत. आज बांबोळीचे रुग्णालय जवळ पडते, त्यामुळे हा ओघ गोव्याकडे वळला आहे. तरी बेळगावकडे जाणारे अजूनही आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या रस्त्याभोवतीच्या साऱ्या सीमा हलल्या. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले. १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह पेटला. बेळगाव आणि सावंतवाडी ही त्याची दोन प्रमुख ठाणी. त्या वर्षी १५ ऑगस्टला बांद्यापलीकडील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, कॅसलरॉकवरून जाणारी आगगाडी थांबली. बारदेशातल्या बहिणीला सावंतवाडीतल्या भावाच्या मयतीला येणेही दुरापास्त झाले. तीनशे वर्षांपूर्वी वेंगुर्ल्यातून गोव्याची नाकेबंदी झाली होती, तीही परक्यांनी परक्यांची; ही मात्र घरातल्या घरात झाली. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवे मुक्त केले, त्याची जुळवाजुळव बेळगावातच झाली होती आणि एक फौज घाटाखालील दोडामार्गच्या बाजूने आत शिरली.

दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यात होता. तो कोल्हापूरला जोडला गेला. बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. शिनोळी महाराष्ट्रात राहिली, पुढचे बाची कर्नाटकात गेले. रस्ता तोच, बाजारहाट तोच, घरातली बोलीही तीच. मध्ये राज्याची रेघ आली. बेळगावच्या वेशीवरील हिंडलगा येथे याच रस्त्यावर हुतात्मा स्मारक आहे. १९८६ च्या जून महिन्यात कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, त्यात नऊ जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १ जूनला तेथे माणसे जमतात. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शहराचे अधिकृत नावही २०१४ साली बेळगावी असे झाले. या वादात कुणाचे म्हणणे किती रास्त, हा या लेखाचा विषय नव्हे. मात्र बेळगावच्या देवळांतून कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत मिस्सा होते आणि चारही भाषांतले लोक एकमेकांच्या मयतीला जातात, एवढे मी जाणतो. हिंडलग्याच्या स्मारकापुढे मान लवविणाऱ्याने हेही पाहावे, आणि कानडी फलक लावणाऱ्यानेही.

धर्मप्रांतांच्या सीमाही याच काळात बदलल्या. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. घाटाखालचा भाग पुणे धर्मप्रांतात होता. २००५ साली त्यातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. त्यात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीबरोबर कोल्हापूरचाही मुलूख आहे. त्यामुळे आपल्या धर्मसभेच्या नकाशात सह्याद्री ही सीमा नाही. घाटाखाली आणि घाटावर, एकच बिशप.

आज या रस्त्याचे रूप पुन्हा पालटते आहे. घाटाचा भाग आता संकेश्वर-बांदा या राष्ट्रीय महामार्गात गेला आहे. आंबोलीपुढे आजऱ्याकडे जाणारा फाटा त्याने घेतला. बेळगावकडे जाणारा जुना रस्ता चंदगड तालुक्यातून आपल्या जुन्या चालीने जातो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली आणि सावंतवाडीचे स्टेशन मळगावला आले, तेव्हापासून मुंबईसाठी बेळगावला जाण्याचे कारण उरले नाही. वेंगुर्ले तालुक्यातच चिपी येथे २०२१ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. तरी रस्ता मोकळा नाही. पहाटे बेळगावची भाजी घाट उतरते आणि सिंधुदुर्गाच्या बाजारांत पोचते. काजू-कोकम-मासळी वर जाते. सतराव्या शतकातल्या लमाणाला आजच्या टेंपोतला माल फारसा अनोळखी वाटणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा भाजी कुठून येते हे अनेकांना प्रथमच उमगले.

पावसाळ्यात धबधबा पाहावयास येणाऱ्यांच्या मोटारींनी घाट तुंबतो. त्याविषयी जितके कमी लिहावे तितके बरे. परंतु या गर्दीला ठाऊक नसलेली एक गोष्ट आंबोलीच्या कातळात राहते. एका पिवळसर, वाघासारखे पट्टे असलेल्या लहानशा भेकाची जात २००९ साली येथे शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदविली, आणि २०२० साली हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली. तिला त्या नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ मध्ये ते स्थान जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाले. रस्ता रुंद करा, अशी मागणी होते. दरडी कोसळतात, अवजड वाहने अडकतात, रुग्णवाहिका थांबते. मागणी रास्त आहे. आणि रुंद करावयाचा तर कातळ पुन्हा फोडावा लागेल, झाडे तोडावी लागतील. सैल झालेली माती पुढच्या पावसात खाली येईल, हेही खरे. १८६० च्या दशकात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आता तो विचारावा लागतो, आणि सर्वात आधी तो पारपोली आणि आंबोलीच्या गावकऱ्यांना विचारला जावा, कारण दरड त्यांच्या दारात येते.

बेळगावच्या कॅम्पात शिरताना या रस्त्याला लोक आजही ‘वेंगुर्ला रोड’ म्हणतात. ज्यांनी वेंगुर्ले कधी पाहिले नाही, ज्यांना तेथे बंदर होते हेही ठाऊक नाही, असे रिक्षावालेसुद्धा.